पाठ्यपुस्तकातले रूळ आणि उमरोळीचे रूळ

‘उष्णतेने धातू प्रसरण पावतात, म्हणूनच रेल्वेचे रूळ टाकताना दोन रुळांमध्ये थोडी फट ठेवतात.’ शाळेत सामान्य विज्ञान शिकलेल्या माणसाला झोपेतून उठवून विचारले तरी हे वाक्य सांगता येईल. प्रसरणाच्या धड्यातले हे सर्वांत जुने, सर्वांत सोयीचे आणि परीक्षेत हमखास गुण देणारे उदाहरण आहे. आता हे वाक्य पाठ केलेला सातवीतला एखादा विद्यार्थी पश्चिम रेल्वेच्या उमरोळी स्थानकावर उभा आहे, अशी कल्पना करावी. पालघर आणि बोईसर यांच्यामधले हे लहानसे स्थानक. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत धावू लागल्या आणि मुंबईच्या लोकलचा पट्टा येथवर पोहोचला. फलाटावरून तो विद्यार्थी रुळांकडे पाहतो. सिग्नलसाठी किंवा सांधेबदलासाठी ठेवलेले जोड सोडले, तर मुख्य मार्गाचे रूळ नजर पोहोचते तेथवर सलग गेलेले आहेत. पुस्तकातली फट त्याला कोठेच दिसत नाही.

अशा वेळी विद्यार्थ्यापुढे तीन वाटा असतात. पुस्तक चुकले, असे तो म्हणू शकतो. आपले डोळे चुकले, असेही म्हणू शकतो. परंतु बहुतेक विद्यार्थी तिसरीच वाट धरतात. पुस्तकातले रूळ वेगळे आणि उमरोळीचे रूळ वेगळे, अशी ते मनाशी वाटणी करून टाकतात. पहिले परीक्षेसाठी, दुसरे गाडीत बसण्यासाठी. या दोहोंची गाठ घालण्याची गरज त्यांना वाटत नाही, आणि शाळाही ती घालून देत नाही. आपल्या विज्ञानशिक्षणाचा खरा रोग या तिसऱ्या वाटेत आहे. प्रयोगशाळा नाही, साहित्य नाही, शिक्षक अपुरे आहेत, या तक्रारी खऱ्याच आहेत; पण एका डोक्यात दोन जगे वेगवेगळी ठेवण्याची सवय सहावी ते आठवीच्या वर्षांत लागते, आणि एकदा लागली की पुढे उत्तम प्रयोगशाळा मिळूनही सुटत नाही.

वस्तुतः त्या न दिसणाऱ्या फटीतून प्रसरणाचा धडा अधिक चांगला शिकवता येतो. रुळाची मूळ लांबी १३ मीटर. पोलादाचे तापमान २५ अंशांनी वाढले, तर एवढा रूळ सुमारे ४ मिलिमीटरने लांबतो. पूर्वी प्रत्येक सांध्याला फट ठेवीत ती याच हिशेबाने. आज रूळ वेल्डिंग करून सलग जोडतात. मग एक किलोमीटर लांबीचा रूळ तितक्याच उष्णतेने ३० सेंटिमीटर लांबायला हवा. ही वाढ जाते कोठे? ती जाऊच दिली जात नाही. रूळ काँक्रीटच्या अवजड स्लीपरांना घट्ट आवळलेला असतो आणि स्लीपर खडीत रुतवलेले असतात. लांबण्याची वाट बंद झाली की रुळात प्रचंड दाब साठतो. म्हणून रूळ पक्का करताना तापमान मधले आहे ना, हे पाहतात. म्हणूनच कडक उन्हाळ्यात रूळ वाकू नये यासाठी गस्त घालावी लागते. ‘उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात’ या निर्जीव वाक्यात ‘आणि प्रसरण अडवले, तर बल निर्माण होते’ अशी भर पडली की तो नियम जिवंत होतो.

ज्याला प्रसरण डोळ्यांनीच पाहायचे आहे, त्याने मान वर करावी. गाड्यांना वीज पुरवणारी तार सदैव ताणलेली राहावी म्हणून काही अंतरावरच्या खांबांना कप्प्यांवरून वजने टांगलेली असतात. तांब्याची ७५० मीटर तार २० अंशांनी तापली, तर २५ सेंटिमीटरने लांबते, आणि लोंबणारी वजने त्याहून अधिक खाली उतरतात. सकाळच्या गाडीने जाताना एखाद्या खांबावरचे वजन कोठे होते आणि दुपारी परतताना ते कोठे आले, हे खिडकीतून पाहता येते. या प्रयोगाला ना अनुदान लागते, ना साहित्याची पेटी.

मुलांचे शब्द, शास्त्राच्या संज्ञा

मुले कोरी पाटी घेऊन शाळेत येत नाहीत. विज्ञानाच्या बहुतेक मूळ संकल्पनांविषयी त्यांच्यापाशी आधीपासून शब्द असतात, कल्पना असतात, आणि त्यांतल्या काही पुस्तकापेक्षा बारकाव्याच्या असतात. पाण्याचेच पाहा. पातेल्यातले पाणी आटते, अंगणातले जिरते, दोरीवरचे कपडे वाळतात, भरतीचे पाणी ओसरते. पाणी नाहीसे होण्याच्या चार तऱ्हांना आपल्या मुलांच्या तोंडी चार क्रियापदे आहेत. यांपैकी आटणे आणि वाळणे यांत पाण्याची वाफ होते. जिरणे म्हणजे मातीच्या कणांमधून खाली उतरणे. ओसरणे म्हणजे जागा बदलणे. हे वर्गीकरण मुलांकडूनच काढून घेतले आणि शेवटी पहिल्या दोहोंना मिळून ‘बाष्पीभवन’ म्हणावे असे सांगितले, तर तो शब्द त्यांच्या अनुभवावर बसतो. पण तासाचा आरंभच ‘द्रवाचे वायूत रूपांतर होण्याच्या क्रियेस बाष्पीभवन असे म्हणतात’ या वाक्याने झाला, तर मुलांना वाटते की आटणे, जिरणे, वाळणे, ओसरणे या चारांखेरीज हे आणखी पाचवेच काही असावे, आणि ते केवळ पुस्तकात घडत असावे.

पाणी उकळल्यावाचून त्याची वाफ होत नाही, हा समज तर चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेल्यांतही आढळतो. पालघर-वसईच्या किनाऱ्यावरची मिठागरे हा समज एका फेरीत दूर करतील. तेथे चूल नाही, जळण नाही. आहे ते फक्त ऊन, वारा आणि उथळ पाण्याचा मोठा पसरलेला पृष्ठभाग. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. त्या पाण्याचा जवळजवळ नऊ-दशांश भाग उडून गेल्यावर मीठ तळाशी बसू लागते. ऊन कडक असले, वारा वाहता असला, हवा कोरडी असली आणि कप्पा उथळ असला की मीठ लवकर धरते. बाष्पीभवनाचा वेग कशाकशावर अवलंबून असतो, या पाठ केलेल्या उत्तरातला एकेक मुद्दा मिठागरातला मजूर रोज वापरीत असतो.

कधी कधी मात्र घरचा शब्द वाट चुकवतो, आणि तेथेच शिक्षकाचे खरे कसब लागते. ‘घनता’ शिकवताना मुलांच्या मनात घट्ट, दाट हे शब्द येतात. तेल पाण्याहून दाट. मग ते पाण्यावर तरंगते कसे? हा प्रश्न मुलाने विचारला, तर तो मूर्ख नव्हे, विचारी आहे, असे समजावे. सावकाश ओघळणे हा तेलाचा एक गुण झाला आणि एका लिटरला किती किलो भरते हा दुसरा, हे त्याला वजनकाट्यावर दाखवले पाहिजे. तसेच ‘वजन’ बाजारात किलोत सांगतात आणि पुस्तक मात्र किलो हे ‘वस्तुमाना’चे एकक ठरवते. ‘ताप’ म्हणजे घरी दुखणे, ‘वीज’ म्हणजे कधी आभाळातली, कधी तारेतली; आणि डोक्यावर ओझे घेऊन तासभर उभ्या राहिलेल्या आईने शास्त्राच्या हिशेबाने काही ‘कार्य’ केलेच नाही, असे पुस्तक म्हणते! शास्त्राची व्याख्या बरोबर आहे, आईचे श्रमही खरे आहेत. दोन्ही बरोबर कसे, हे उलगडणे म्हणजे तो धडा शिकवणे होय. व्याख्या फळ्यावर लिहून देणे म्हणजे तो धडा टाळणे होय.

या भागात तर भाषेच्या पायऱ्या अधिकच उंच आहेत. घरी वारली, मांगेली किंवा वाडवळी बोलणारे मूल शाळेत प्रमाण मराठीशी झगडते. त्यावर संस्कृतातून घडवलेल्या संज्ञांचा थर चढतो. आणि सेमी-इंग्रजीच्या वर्गात त्या संज्ञांच्या जागी एकदम इंग्रजी शब्द येतात. विज्ञान मराठीतून शिकवावे की इंग्रजीतून, या वादात आपण पुष्कळ शाई खर्च केली. परंतु संकल्पनाच उमगली नसेल, तर ‘घनता’ काय आणि ‘डेन्सिटी’ काय, मुलाच्या लेखी दोन्ही सारखेच मंत्र. संकल्पना घरच्या शब्दांत आधी पक्की करावी आणि संज्ञा मागाहून द्यावी. मग ती दोन्ही भाषांत दिली तरी मूल डगमगत नाही.

टाकीच्या तोंडाशी

एवढा आग्रह कशासाठी, असे कोणी विचारील. सातवीतल्या मुलाला घनता कळली नाही, म्हणून कोणाचे काय बिघडते? इतरत्र याचे उत्तर कदाचित गुणपत्रिकेत शोधावे लागेल. बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात ते कारखान्यात सापडते. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे आणि औषधांचे कारखाने मोठ्या संख्येने आहेत. उमरोळी आणि आसपासच्या गावांतील मुलांपैकी कित्येकजण शिक्षण अर्धवट सोडून किंवा पुरे करून तेथेच कामाला लागणार आहेत. रसायनशास्त्राचे पदवीधर होणारे त्यांत थोडे; पिंपे उचलणारे, झडपा फिरवणारे आणि टाक्या धुणारे अधिक. त्यांच्यापाशी विज्ञानाची शिदोरी असेल, ती आठवीपर्यंतच्या धड्यांची.

हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू हवेहून सुमारे १.२ पट जड असतो. तो टाकीच्या, गटाराच्या वा खड्ड्याच्या तळाशी साचून राहतो. वरून डोकावणाऱ्याला काही जाणवत नाही. सडक्या अंड्यासारखा वास हा त्याचा धोक्याचा इशारा. पण प्रमाण वाढले की हाच वायू घ्राणेंद्रिय बधिर करतो आणि वास येईनासा होतो. एक माणूस उतरतो, कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. देशात अशा घटना वारंवार वाचनात येतात. ‘जड वायू तळाशी साचतो’ ही सातवीची संकल्पना ज्याच्या हाडीमासी खिळली आहे, तो तपासणी झाल्यावाचून टाकीत पाय टाकणार नाही. ज्याने ‘एकक आकारमानाच्या वस्तुमानास घनता म्हणतात’ एवढेच पाठ केले आहे, त्याला टाकीच्या तोंडाशी ते वाक्य आठवणार नाही, आणि आठवले तरी उपयोगी पडणार नाही. ज्वालाग्राही द्रावकांच्या वाफांचेही असेच. त्यांतल्या बहुतेक हवेहून जड असतात. त्या जमिनीलगत पसरत दूरवरच्या ठिणगीपर्यंत पोहोचतात. आणि तीव्र गंधकाम्ल सौम्य करताना आम्ल पाण्यात हळूहळू घालावे, आम्लावर पाणी ओतू नये, हा नियमही उष्णतेच्या धड्याचाच भाग आहे. आम्लावर पडलेले थोडे पाणी तेथल्या तेथे उकळते आणि आम्लासह अंगावर उसळते.

११ जानेवारी २०२० रोजी तारापूर वसाहतीतील एका कारखान्यात स्फोट होऊन आठ जणांचा बळी गेला. त्याचा हादरा कित्येक किलोमीटरवरच्या घरांना जाणवला. अशा दुर्घटनांचे खापर कामगारांच्या अज्ञानावर फोडणे हा मोठा अन्याय होईल. सुरक्षिततेची जबाबदारी कारखानदाराची आणि देखरेखीची जबाबदारी शासनाची. ती शाळेच्या माथी मारता येणार नाही. परंतु ज्याला धोका कळतो त्यालाच ‘हे काम मी असे करणार नाही’ असे सकारण म्हणता येते, आणि आपल्या हक्काची साधने मागता येतात. हे बळ शाळेने दिले नाही, तर दुसरे कोण देणार?

अणुवीज केंद्राचे शेजारी

या परिसराला आणखी एक शेजार लाभला आहे. भारतातले पहिले अणुवीज केंद्र तारापूरला उभे राहिले आणि ऑक्टोबर १९६९ पासून तेथून वीज मिळू लागली. पुढे २००५-०६ मध्ये प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या आणखी दोन अणुभट्ट्यांची भर पडली. या केंद्राविषयी विद्यार्थ्यांच्या मनात साधारणतः दोन चित्रे असतात. एक चमत्काराचे, दुसरे बॉम्बचे. ही दोन्ही चित्रे सोडवायला अणुविज्ञानाच्या मोठ्या गाथेची गरज नाही. आठवीची उष्णता आणि ऊर्जा पुरेशी आहे. अणुगर्भाचे विभाजन झाले की उष्णता निर्माण होते. त्यापुढचे सारे काही जुनेच: पाणी, वाफ, वाफेने फिरणारे चक्र आणि चक्राने फिरणारे जनित्र. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांची रचना अशी की पाणी भट्टीतच उकळते. पुढच्या दोन भट्ट्यांत जड पाणी दाबाखाली ठेवून त्याला उकळू देत नाहीत. त्याची उष्णता साध्या पाण्याला देऊन वाफ करतात. दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो, हे तत्त्व घरचा प्रेशर कुकर जाणतो तसेच ते केंद्रही जाणते.

याहून मार्मिक प्रश्न असा, की हे केंद्र समुद्राकाठीच का? निर्माण झालेल्या उष्णतेपैकी साधारणतः एकतृतीयांश विजेत उतरते. उरलेली दोनतृतीयांश कोठेतरी सोडून द्यावीच लागते. ती वाहून नेण्यासाठी अफाट पाणी हवे. ऊर्जा नाश पावत नाही, हे सूत्र मुले पाठ करतात; पण सगळी उष्णता कामी लावता येत नाही, हा दुसरा अर्धा भाग तारापूरचा किनारा शिकवतो. मग सोडलेल्या कोमट पाण्याचा माशांवर परिणाम होतो काय, किरणोत्सर्ग मोजतात कसा, धोका किती आणि भीती किती, असे नागरिकाचे प्रश्न आपोआप पुढे येतात. केंद्राच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना आपली जागा सोडावी लागली. ज्या भूमीने एवढी किंमत मोजली, तेथल्या मुलांना हे प्रश्न नेमकेपणाने विचारता आले पाहिजेत. आंधळा विश्वास आणि आंधळी भीती या दोन्ही अज्ञानाच्याच लेकी.

भीतीचा अनुभव या जिल्ह्याने अलीकडेच घेतला. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात, धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाच्या लहान-मोठ्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. घरांना तडे गेले. कडाक्याच्या थंडीत लोक घराबाहेर निजले. अशा काळात अफवांना पंख फुटतात. ‘अमुक दिवशी अमुक वाजता मोठा धक्का येणार’ असे कोणी सांगितले, तर ते खोटे समजावे. कारण भूकंपाचा दिवस आणि तास आधी सांगण्याची विद्या जगात अद्याप कोणापाशीच नाही. चार तीव्रतेच्या भूकंपापेक्षा पाच तीव्रतेच्या भूकंपात सव्वापट नव्हे, तर सुमारे ३२ पट ऊर्जा बाहेर पडते. एवढ्या दोन गोष्टी त्या गावांतील प्रत्येक आठवीच्या वर्गात नीट समजावल्या गेल्या, तर त्यांचा उपयोग कोणत्याही पत्रकापेक्षा अधिक होईल.

नवे काहीच नाही

‘हे सारे ठीक, पण पोर्शन कधी पुरा करायचा?’ हा शिक्षकांचा प्रश्न तिरस्काराने उडवून लावण्यासारखा नाही. निवडणुका, सर्वेक्षणे, माहितीचे तक्ते यांतून उरलेल्या दिवसांत त्यांना पुस्तक संपवायचे असते. परंतु १९९३ मध्ये प्रा. यशपाल यांच्या समितीने दप्तराच्या ओझ्याचा विचार करताना म्हटले होते, की न समजण्याचे ओझे हे पुस्तकांच्या ओझ्याहून घातक असते. न समजता पुरा केलेला पोर्शन हा खरे पाहता पुरा झालेला नसतो. तो फक्त संपलेला असतो. आठवीतली घनता नीट समजली नाही, तर नववीत तरणशक्तीचा धडा पुन्हा पहिल्यापासून शिकवावा लागतो, आणि वाचवलेले तास तेथे व्याजासह परत करावे लागतात.

शिवाय ही वाट आपल्या अनोळखी नाही. याच जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबादला काम उभारले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, म्हणून रडत न बसता शाळाच अंगणात नेली. गुरे चारायला गेलेल्या मुलांसाठी ती कुरणात नेली. तेव्हा साधन म्हणून शंख-शिंपले, बिया आणि पाने चालली. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १६ ग्रामीण शाळांतून सहावी ते आठवीसाठी प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा उपक्रम सुरू झाला आणि पुढे सुमारे हजार शाळांत पोहोचला. तेथे परीक्षेला पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा होती. कारण विचारले जात होते ते पुस्तकात जसेच्या तसे सापडणारे नव्हते. २००२ मध्ये शासनाने तो उपक्रम बंद केला. पण तीस वर्षे तो साध्या ग्रामीण शाळांत चालला, एवढे सत्य पुरेसे बोलके आहे. मुंबईत १९७४ मध्ये स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने आरंभीच्या काळात जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातल्या शाळांत काम केले, आणि विज्ञान न कळण्यामागे पुस्तकाची अवघड भाषा किती कारणीभूत असते याकडे लक्ष वेधले. तेव्हा हे शक्य आहे काय, हा प्रश्न निकालात निघालेला आहे. प्रश्न उरतो तो इच्छेचा.

काय करता येईल

पहिली गोष्ट परीक्षेची. आपल्याकडे जे विचारले जाते, तेच शिकवले जाते. म्हणून सहावी ते आठवीच्या विज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत किमान चौथा हिस्सा गुण पुस्तकात नसलेल्या, पण परिसरात असलेल्या वस्तूंवरच्या प्रश्नांना द्यावेत. सातपाटीचा मच्छीमार पापलेट थंड पाण्यात न ठेवता बर्फात का ठेवतो? एक किलो बर्फ नुसता वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढ्या उष्णतेने एक किलो पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापले असते. ज्याला हे समजले, त्याला उत्तर सुचेल. दहा टनांची होडी नदीच्या गोड्या पाण्यात दहा घनमीटर पाणी बाजूला सारते. समुद्रात पावणेदहा घनमीटरच का पुरते? असे प्रश्न गाइडात छापून आले, तर पुढच्या वर्षी नवे काढावेत. किनाऱ्यावर प्रश्नांना तोटा नाही.

दुसरी गोष्ट मोजण्याची. प्रत्येक शाळेने वर्षभराची एक निरीक्षणवही ठेवावी. कापलेल्या बाटलीने रोजचा पाऊस मोजावा, अंगणातल्या काठीची दुपारची सावली मोजावी, भरतीची वेळ टिपावी. तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढण्याचा हिशेब किनाऱ्यावर जुना आहे. म्हणजे भरती रोज पाऊण तास पुढे सरकते. शास्त्राचा आकडा सुमारे ५० मिनिटांचा. हा पाच मिनिटांचा फरक मुलांनी स्वतः महिनाभर नोंदी करून शोधला, तर अनुमान, मोजमाप आणि अचूकता या तिन्ही संकल्पना त्यांच्या पदरात पडतील, आणि आजोबांच्या ज्ञानाविषयीचा आदरही.

तिसरी गोष्ट शिक्षकांची. केंद्रावर भरणाऱ्या शिक्षण परिषदेतला निम्मा वेळ परिपत्रकांच्या वाचनातून सोडवून प्रत्यक्ष प्रयोग करण्याला द्यावा. अणुवीज केंद्रात आणि कारखान्यांत शेकडो अभियंते व रसायनतज्ज्ञ काम करतात. त्यांनी वर्षातून दोन दिवस शेजारच्या शाळांना दिले, तर कोणाचेही उत्पादन घटणार नाही. मात्र त्यांनी भाषण देऊ नये. मुलांचे प्रश्न ऐकावेत. आणि शिक्षकांनीही ‘ठाऊक नाही, शोधून पाहू’ असे वर्गात म्हणण्याचा संकोच सोडावा. विज्ञानाची सुरुवात त्याच वाक्यापासून झालेली आहे.

हे सारे करण्याची वर्षे थोडी आहेत. सहावी ते आठवी, तीन वर्षे. तेवढ्यात मुलाच्या मनात पुस्तक आणि जग यांची एक गाठ बसते, किंवा कायमची सुटते. उमरोळीच्या परिसरातील आजचा बारा वर्षांचा मुलगा आणखी आठ-दहा वर्षांनी कोठल्या तरी टाकीच्या तोंडाशी, झडपेजवळ किंवा पंचायतीच्या बैठकीत उभा असेल. तेथे त्याच्याजवळ पुस्तक नसेल, गाइड नसेल, शिक्षकही नसतील. समजलेले तेवढे बरोबर असेल.